मधूनमधून ठोका चुकणारी व्हॅन

शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत भाताखेरीज भेंडी, काकडी, दोडका, कारली इत्यादी भाजीपाला काढणाऱ्या कास्तकारांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे, व येथील भेंडी परदेशी देखील रवाना होते. या मालाचा स्वभाव असा की, तो वाट पाहात नाही. भेंडीची तोडणी एक दिवसाआड करावी लागते. एक तोडणी हुकली की शेंग जून होऊन तिची प्रत जाते, आणि तोडलेला माल पहाटेच्या लिलावास पोहोचला नाही तर उन्हे चढताच त्याचा भाव उतरतो. शहापूरकरांस आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्टेशने तरी जवळ आहेत. मुरबाड तालुक्याचा सारा भार सडकेवर आहे. तेव्हा रात्री दोन वाजता अंगणातून निघालेली गाडी कल्याण अथवा वाशीच्या बाजारात वेळेवर पोहोचणे हा शेतीचाच एक भाग झाला आहे, आणि गाडीच्या इंजिनाविषयी चार गोष्टी या मासिकात लिहिणे अप्रस्तुत होणार नाही असे वाटते.

ज्यांस स्वतःचा टेंपो घेण्याचे सामर्थ्य नाही अशा अनेकांनी जुनी पेट्रोल व्हॅन बाळगली आहे. मारुती कंपनीने ही व्हॅन १९८४ साली बाजारात आणली, पुढे तिला ‘ओम्नी’ हे नाव मिळाले, आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज आपल्या खेड्यांतून जी ओम्नी दिसते ती सारी जुनीच होय. तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे लहानसे इंजिन, तेही पुढील आसनाखाली. आसन उचलले की सारे यंत्र डोळ्यांसमोर. दुरुस्तीस अशी सोपी गाडी दुसरी क्वचितच असेल. परंतु याच गाडीत एक दोष असा उद्भवतो की, तो भल्याभल्या मिस्त्रींस चकवितो. तो दोष म्हणजे इंजिनाचा ठोका मधूनमधून चुकणे. आपल्याकडील बोलीत गाडी ‘मिसिंग मारणे’.

जो दोष सदैव असतो तो सापडतो. जो कधी येतो व कधी जातो, तो नेमका गॅरेजच्या दारात नाहीसा होतो. मालक सांगतो की गाडी चढावर धक्के देते. मिस्त्री चावी फिरवितो तो इंजिन सतारीसारखे चालते. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, पुढच्या खेपेस कॉइल, त्यापुढील खेपेस कार्ब्युरेटर धुतला जातो. आणि पैसा खर्चून गाडी पुन्हा त्याच चढावर तेच करते. या पद्धतीस उपचार म्हणता येईल, निदान म्हणता येणार नाही. बैल चारा टाकू लागला तर आपण तो कधीपासून टाकतो, पाणी पितो का, रवंथ करतो का, हे आधी पाहातो. औषधाची बाटली मागाहून उघडतो. इंजिनाच्या बाबतीत मात्र हा विवेक आपण का सोडून देतो हे कळत नाही.

प्रथम ठोका म्हणजे काय ते पाहू. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दांड्याच्या दोन फेऱ्यांस एक स्फोट होतो. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असता तीन सिलिंडर मिळून मिनिटास ४५०० म्हणजे सेकंदास ७५ स्फोट होतात. प्रत्येक स्फोटास तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात मिसळलेली हवा व पेट्रोल, ते घट्ट दाबले जाणे, आणि नेमक्या क्षणी पडणारी सबळ ठिणगी. यांतील एक जरी क्षणभर उणी पडली तरी तो ठोका वाया जातो. चार वा सहा सिलिंडरांच्या गाडीत एक सिलिंडर रुसला तर बाकीचे सांभाळून नेतात. आपल्या व्हॅनचा तीनांतील एक गडी बसला तर एक तृतीयांश बळच जाते, व चार क्विंटल माल भरलेली गाडी माळशेज अथवा कसाऱ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवर देखील कुंथू लागते. अशा वेळी गाडी चढावर बंद पडून मागील मालमोटारीस अडविते, तो प्रसंग नुसत्या तोट्याचा राहात नाही.

आता मुख्य मुद्दा. ज्या मालकाची गाडी मधून चुकते त्याने मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी पंधरा दिवस एक वही ठेवावी. तीत प्रत्येक खेपेस इतकेच लिहावे: निघण्याची वेळ, पाऊस वा दव होते की नाही, माल किती, टाकीत पेट्रोल किती, दोष केव्हा आला, इंजिन थंड होते की तापलेले, रस्ता चढाचा, सपाट की खड्ड्यांचा, आणि दोष कसा गेला. ही वही लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. परंतु तिच्यावरून निम्मे निदान होते, ते असे.

थंड इंजिनावर, ओलसर हवेत दोष येतो व दहापंधरा मिनिटांत आपोआप जातो, असे दिसल्यास संशय ठिणगीच्या उच्च दाबाच्या भागावर घ्यावा. म्हणजे प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्यूटरची टोपी व तिच्या आतील रोटर. इंजिन तापले की ओल वाळते आणि दोष पळतो. याच्या उलट, अर्धा तास चालल्यावर दोष सुरू होऊन गाडी थांबवून थंड केली असता जात असेल, तर तापल्यावर दगा देणारी कॉइल, किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या डिस्ट्रिब्यूटरमधील भाग, किंवा चैत्र-वैशाखात नळीतच पेट्रोलची वाफ होणे, यांपैकी काही असेल. केवळ चढावर व भार असता चुकत असेल तर ठिणगी दुबळी आहे, अथवा पेट्रोल पुरत नाही. खड्ड्यात चाक गेले की चुकते, तर एखादी वायर वा तिचा जोड सैल आहे. उभ्या गाडीत हळू चालताना चुकते व वेग दिला की सुधारते, तर कोठून तरी फाजील हवा शिरत आहे, किंवा एखाद्या व्हॉल्व्हचे बसणे बिघडले आहे. आणि पेट्रोल भरल्याच्या दिवसापासूनच चुकू लागली, तर पेट्रोल तपासावे, हे सांगावयास नकोच.

ठिणगीचा दोष व पेट्रोलचा दोष यांत एक भेद सराव असलेल्या चालकास आसनावर बसूनच कळतो. ठिणगी चुकते तेव्हा धक्का तुटक, कोरडा व अकस्मात असतो. जणू कोणी कळ दाबली व सोडली. पेट्रोल उणे पडते तेव्हा इंजिन हळूहळू मावळते, पाय दाबला तरी जोर येत नाही, आणि पाय सोडून काही क्षण थांबले की पुन्हा सावरते. हा नियम दहांत आठ वेळा खरा ठरतो. उरलेल्या दोन वेळांसाठी पुढील परीक्षा आहेत.

ज्यांच्या गाडीस गॅसचा संच बसविलेला आहे, त्यांस तर एक आयतीच कसोटी उपलब्ध आहे. दोष सुरू असतानाच गॅसवरून पेट्रोलवर, अथवा पेट्रोलवरून गॅसवर कळ फिरवावी. दोन्हींवर सारखाच चुकत असेल तर टाकी, पंप व कार्ब्युरेटर निर्दोष समजावे. केवळ गॅसवर चुकत असेल तर मात्र लगेच गॅसच्या संचास दोष देऊ नये. दाबलेल्या नैसर्गिक गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विद्युद्दाब लागतो. त्यामुळे झिजलेला प्लग अथवा जुनी वायर पेट्रोलवर कशीबशी चालते आणि गॅसवर उघडी पडते. गॅस येथे दोषाचे कारण नसून केवळ चुगलखोर असतो.

मुरबाड तालुक्यात सरळगावच्या बाजूस एका बागायतदाराकडे कार्ब्युरेटरची जुनी व्हॅन आहे. तिची हकीकत येथे विस्ताराने देतो, कारण तीत या विषयातील बहुतेक गोष्टी आल्या आहेत. भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत भाजीस गिऱ्हाईक चांगले असते. नेमक्या त्याच दिवसांत ही गाडी रात्री धक्के देऊ लागली. दोन वेळा माल उशिरा पोहोचला. एका गॅरेजमध्ये तिचे तीनही प्लग बदलले, कॉइल नवी घातली, कार्ब्युरेटर खोलून धुतला, व शेवटी पेट्रोलचा पंपही बदलला. दिवसा गाडी उत्तम. रात्री पुन्हा तेच. अखेर मालकाच्या मुलाने वही ठेवली. अकरा खेपांपैकी चार खेपांस दोष आला. चारही रात्री आदल्या संध्याकाळी पाऊस झालेला होता. चारही वेळा तो पहिल्या अर्ध्या तासात, सरळगावपासून मुरबाडपर्यंतच्या टप्प्यात आला. आणि मुरबाडात चहास थांबून पुढे निघाल्यावर एकदाही आला नाही. पेट्रोल कमी असो वा अधिक, त्याचा संबंध दिसला नाही.

एवढ्यावरून पंप व कार्ब्युरेटर यांवर केलेला खर्च व्यर्थ होता हे उघड झाले. पेट्रोलला पावसाची आठवण राहात नाही. ओलीची बाधा होते ती विजेस. तेव्हा अंधाराची परीक्षा करण्याचे ठरले. ही परीक्षा कोणासही करता येईल, परंतु तिचे नियम काटेकोर पाळले पाहिजेत. प्रथम पेट्रोलचा वास कोठे येत नाही ना, नळ्या कोठे पाझरत नाहीत ना, हे दिवसा पाहून घ्यावे. पाझर असेल तर ही परीक्षा करूच नये. गाडी उघड्यावर उभी करावी, बंद खोपीत नव्हे, कारण धुराड्यातील विषारी वायू वासावरून कळत नाही. गिअर मोकळा, हातब्रेक ओढलेला, चाकांस दगड. उपरणे, पदर, लांब बाही जवळ नको, कारण पट्टा व पंखा फिरत असतो. हात कोरडे असावेत व चालू इंजिनात वायरीस हात लावू नये. बारा व्होल्टांच्या बॅटरीपासून कॉइल पंधरा ते पंचवीस हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न करते. एवढी तयारी झाली की काळोखात आसन उचलून इंजिन सुरू करावे, आणि फुलझाडांवर पाणी मारण्याच्या फवाऱ्याने वायरी व टोपी यांवर धुक्यासारखा बारीक तुषार एक एक जागा धरून उडवावा. पाण्याची धार सोडू नये.

सरळगावच्या गाडीत दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीवर तुषार पडताच इंजिन लंगडले, आणि वायरीपासून शेजारच्या लोखंडी पट्टीकडे निळसर धागा लखलखताना स्पष्ट दिसला. ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी वाटेतच जमिनीस मिळत होती. दिवसा पाहिले तेव्हा त्या वायरीचे रबर पट्टीशी घासून पातळ झालेले, व शेजारीच उंदराच्या दातांच्या खुणा. आसनाखाली भाताचा कोंडा व तुसाचे घरटे देखील सापडले. (भाताची खळी जवळ असलेल्या घरी हा प्रकार फार आहे, गाडी पेंढ्याच्या उडवीशेजारी उभी करू नये आणि गाडीत धान्य सांडू देऊ नये. उंदीर आपले भातच खातो असे नाही.) वायरींचा संपूर्ण संच बदलला, पट्टीपासून दूर क्लिपांत बसविला, टोपी आतून स्वच्छ केली. गाडी ओल्या रात्री नीट चालू लागली.

परंतु हकीकत येथे संपली नाही. आठ दिवसांनी, कोरड्या रात्री, पूर्ण भार असता, चढावर पुन्हा एखाददुसरा ठोका चुकू लागला. मालक निराश झाला; वायर पुन्हा फुटली असे त्यास वाटले. वास्तविक हा दुसराच दोष होता व तो पूर्वीपासून होता; पहिल्याच्या गोंगाटात ऐकू येत नव्हता. नवे प्लग डब्यातून काढून तसेच बसविले होते. त्यांच्या टोकांतील अंतर पात्याच्या मापाने मोजले तेव्हा ते एक मिलिमीटरहून अधिक भरले. या गाडीच्या प्लगचे अंतर सामान्यतः ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. अंतर वाढले की ठिणगीस उडी मोठी पडते, आणि भारावर सिलिंडरमधील दाब वाढलेला असल्याने ती उडी अधिकच अवघड होते. म्हणून सपाटीवर दोष नाही व चढावर आहे. अंतर जुळविण्यास काही खर्च आला नाही. नवा भाग म्हणजे निर्दोष भाग ही समजूत किती महाग पडते, हे येथे दिसते.

प्लग काढलेच आहेत तर ते वाचावयास शिकावे. टोक फिकट तांबूस अथवा करडे असेल तर त्या सिलिंडरचे बरे चालले आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक होते किंवा हवेचा फिल्टर तुंबला आहे. आपल्या लाल धुळीच्या रस्त्यांवर हा फिल्टर पुस्तकात सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्यातच पाहावा. तेलकट ओला काळेपणा असेल तर रिंगा अथवा व्हॉल्व्हच्या सीलवाटे तेल वर येत आहे. पांढुरके, फोड आल्यासारखे टोक म्हणजे मिश्रण पातळ, इंजिन अति तापते. तिन्ही प्लग सारखे असतील तर दोष सर्वांस सामाईक अशा भागात शोधावा, जसे कॉइल, पंप, कार्ब्युरेटर. एकच निराळा असेल तर त्या सिलिंडरच्या प्लग, वायर व व्हॉल्व्हपुरता शोध मर्यादित होतो. प्लग काढताना क्रम विसरू नये. भिंतीवर अथवा पुठ्ठ्यावर तीन भोके पाडून त्यांत क्रमाने ठेवावे.

यानंतरची युक्ती अदलाबदलीची. संशयित प्लग दुसऱ्या सिलिंडरमध्ये घालावा व त्याचा येथे. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग गुन्हेगार. जागच्या जागी राहिला तर वायर तशीच तपासावी. एका वेळी एकच वस्तू हलवावी. दोन वस्तू एकदम हलविल्या तर दोष गेल्यावरही तो कशाने गेला हे कळत नाही, आणि अशा रीतीने गेलेला दोष बहुधा परत येतो. वायरींची परीक्षा मल्टिमीटरने करावी. हे उपकरण आता विजेच्या पंपासाठी अनेक शेतकऱ्यांकडे असतेच. या वायरींच्या पोटात तांब्याऐवजी कार्बनचा धागा असतो, म्हणून काही हजार ओहमचा विरोध दिसणे स्वाभाविक आहे. लांबीच्या मानाने तिन्ही वायरी जवळपास सारख्या असाव्यात. एखादी फारच अधिक दाखवील, अथवा वाकविताना आकडा उड्या मारील, तर ती आतून तुटली आहे.

डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून उन्हात तिरपी धरून पाहावी. आतील बाजूस पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती ठिणगीने जाळून केलेली वाट होय. ती पुसून जात नाही, टोपी बदलावी. मध्यभागीची कार्बनची लहान कांडी स्प्रिंगवर सहज दबते की नाही तेही पाहावे. ज्या गाड्यांत पॉइंट व कंडेन्सर ही जुनी पद्धत आहे, त्यांत पॉइंटची तोंडे जळून खडबडीत झाली असता ठिणगी अनियमित होते, आणि नवे पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळाले तर कंडेन्सर गेला असे समजावे. ही पद्धत अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली, आणि ती दीर्घकाळ टिकली यावरूनच तिचा भक्कमपणा कळतो; परंतु तीस स्वच्छता लागते. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यास बोटाने बाजूला हालवून पाहावे. तो खिळखिळा असेल तर पॉइंटचे अंतर प्रत्येक फेऱ्यास बदलते, व अंतर कितीही वेळा जुळविले तरी उपयोग होत नाही. डिस्ट्रिब्यूटरमध्ये एक मऊ लवचीक वायरही असते. आतील तबकडी मागेपुढे सरकते तसतशी ती वायर वाकते, आणि वर्षानुवर्षे वाकून आवरणाच्या आतच तुटते. बाहेरून ती अखंड दिसते. पाय दाबताना अथवा सोडताना तेवढा एक धक्का, एरवी काही नाही, असे लक्षण असेल तर ही वायर अवश्य ओढून पाहावी.

ठिणगीच्या मुळाशी असलेल्या बारा व्होल्टांच्या बाजूकडे लोक दुर्लक्ष करतात. बॅटरीच्या टोकांवरील पांढरा थर, इंजिनापासून सांगाड्यास जाणारी अर्थिंगची पट्टी, फ्यूजचे जोड, आणि चावीचे कुलूप. ज्यांस घराची, पंपाच्या खोपीची व गोठ्याची मिळून आठदहा किल्ल्या एकाच कड्यात अडकविण्याची सवय आहे त्यांच्या गाडीत कुलपाच्या आतील पितळ लवकर झिजते, आणि खड्ड्यात किल्ल्यांचा जुडगा हिंदकळला की प्रवाह क्षणभर तुटतो. चुकण्याच्या क्षणी समोरील दिवे फडफडतात काय, हे पाहिले म्हणजे याचा निकाल लागतो.

आता पेट्रोलकडे वळू. जुन्या टाकीच्या तळाशी गंज व गाळ असतो. टाकी पाव भरली असता तो ढवळून फिल्टरात येतो. टाकीच्या झाकणाची हवा घेण्याची वाट चिखलाने बुजली तर पेट्रोल जसजसे उपसले जाते तसतशी टाकीत पोकळी होते व अर्ध्यापाऊण तासाने इंजिन उपाशी राहू लागते. दोष आला असता गाडी बाजूस घेऊन झाकण उघडावे. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि गाडी पुन्हा सुरळीत चालली, तर औषध सापडले. फिल्टर स्वस्त असतो, तो पावसाळ्याच्या आधी व नंतर बदलावा.

सध्याच्या काळात याविषयी एक नवी बाब विचारात घेणे प्राप्त आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर व २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. इथेनॉल ऊस, मका, तांदूळ यांपासून होत असल्याने शेतकऱ्याने त्यास नावे ठेवणे विचित्र दिसेल, व तसा हेतूही नाही. परंतु ज्या गाड्या अशा मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या त्यांच्या मालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून त्याच जेटमधून आलेले मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ पडते. इंजेक्शनच्या गाडीतील संगणक हे बऱ्याच अंशी सावरून घेतो, कार्ब्युरेटरला ते जमत नाही. दुसरे, इथेनॉल पाणी शोषून घेते. शोषलेले पाणी मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप प्रथम तळाचेच उचलतो. शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत अर्धवट टाकीने उभी राहिलेली गाडी दिवाळीस धक्के देऊ लागते, त्याचे कारण बहुधा हेच. गाडी महिनोन्‌महिने उभी करावयाची असेल तर टाकी रिती करून ठेवावी, किंवा काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे, आणि मधून चालवीत जावे. संशय आल्यास तळाचे थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून, विस्तवापासून दूर, घटकाभर स्थिर ठेवावे. दोन थर दिसले तर निवाडा झाला. जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉलने फुगून मऊ पडतात, तेही बोटाने दाबून पाहावे. नळी चिकट लागली तर ती बदलण्यास उद्यावर टाकू नये, कारण ती आपल्या आसनाखालीच आहे.

फाजील हवेचा शोध कानाने घेता येतो. दोनतीन हात रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक कार्ब्युरेटरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या सांध्यांवरून व बारीक नळ्यांवरून फिरवावे. जेथे हवा ओढली जाते तेथे सू-सू असा आवाज मोठा येतो. काही जण या कामी पेट्रोल शिंपडतात. ते कदापि करू नये.

इतके करूनही एकच सिलिंडर मंद राहात असेल तर व्हॉल्व्हचे टॅपेट पाहून मग कॉम्प्रेशन मोजवून घ्यावे. हे काम गॅरेजचे आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे माप एकदम उतरलेले असेल व रेडिएटरचे पाणीही वरचेवर कमी होत असेल तर हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव मोठा. एकाचेच उतरले असेल तर थोडे तेल आत सोडून पुन्हा मोजतात: माप वाढले तर रिंगा, न वाढले तर व्हॉल्व्ह.

इंजेक्शनच्या व्हॅनमध्ये समोर इंजिनाच्या चित्राचा दिवा असतो. तो पेटला असता संगणकातील संकेत वाचवून घ्यावेत, परंतु संकेत म्हणजे निकाल नव्हे. दुसरा सिलिंडर चुकतो इतके तो सांगेल, उंदराने वायर खाल्ली हे सांगणार नाही. या गाड्यांच्या धुराड्यात उत्प्रेरक असतो. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल तेथे जाऊन जळते व तो लाल होईपर्यंत तापतो. म्हणून ठोका चुकत असता गाडी दामटीत नेऊ नये, आणि विशेषतः वाळलेल्या गवतावर किंवा पेंढ्यावर उभी करू नये. याच कारणाने चालू इंजिनात प्लगची वायर उपटून सिलिंडर ओळखण्याची जुनी रीत या गाड्यांस वर्ज्य समजावी. इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा जोड काढावा, मग सुरू करून ऐकावे, पुन्हा बंद करून तो लावावा व दुसरा काढावा. ज्याचा जोड काढल्याने चालीत काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर आधीपासून बसलेला आहे.

पंधरा वर्षे पुरी झालेल्या गाडीची नोंदणी पुढे दर पाच वर्षांनी योग्यतेच्या तपासणीनंतरच वाढवून मिळते, व त्या तपासणीत धूरही मोजतात. ठोका चुकणारे इंजिन कच्चे पेट्रोल बाहेर टाकीत असल्याने त्या मापात ते हमखास नापास होते. ज्यांची मुदत येत्या पावसाळ्यात संपत आहे त्यांनी वायरी, टोपी व प्लगचे अंतर ही तीन कामे वैशाखातच उरकून घ्यावीत. मृगाच्या सरी सुरू झाल्यावर गॅरेजवाल्यांस सवड नसते, व आपल्यासही नसते.